धूर मुरलेलं पान

प्रश्न : माझे धाकटे चुलते मालवाहू जहाजावर नोकरीला होते. ते वारल्यावर त्यांची पेटी मुंबईहून गावी आली आणि आमच्या चुलीवरच्या माळ्यावर पडून राहिली. यंदा घर शाकारताना ती खाली काढली, तर आत पाईपच्या तंबाखूचा एक चपटा गोल डबा निघाला, एकदाही न उघडलेला. नाण्याच्या कडेनं झाकण काढलं, तर चुलीचा, ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. घरातले म्हणतात, इतकी वर्षं चुलीवर राहून वास मुरला. मला ते पटत नाही. मुलानं झाकणावरचं इंग्रजी वाचून सांगितलं की तंबाखू ‘हलकी धुरकट’ आहे. न पेटवलेल्या तंबाखूला धुराचा वास कसा येतो? तिची चव कशी असते? आणि आमच्या आजोबांच्या चिलमीतल्या तंबाखूला असा वास कधीच का आला नाही?
— एक वाचक, कामथडी (ता. भोर)

उत्तर : तुमचं बरोबर आहे. झाकण पक्कं असेल तर पत्र्याच्या डब्यात चुलीचा धूर शिरत नाही. पण घरातल्यांच्या नाकालाही मी दोष देणार नाही. त्यांनी ओळखला तो धूरच आहे, लाकडाचाच आहे आणि पान आढ्याखाली टांगूनच तो त्यात मुरवलेला आहे. ते आढं तेवढं कामथडीपासून फार लांब, भूमध्य समुद्राच्या काठी होतं.

आधी एक करून पाहा. डब्यातली दोन चिमटी तंबाखू पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात पसरा. लांबून ती सगळी एकसारखी तपकिरी दिसते, पण जवळून पाहिलं की तिच्यात निरनिराळ्या जातींची पानं वेगळी होऊ लागतात. सर्वांत जास्त असतील ते पिवळट-तांबूस, बारीक कातरलेले दोरे. त्यांत थोडे हिरवट-तपकिरी, आखूड तुकडे. आणि मधूनच काही काळे कुळकुळीत, कोळशाच्या कपच्यांसारखे. हे काळे तुकडे चिमट्यानं वेचून एका वाटीत ठेवा, वर ताटली झाका आणि दहा मिनिटांनी दोन्हीकडचा वास घ्या. पिवळ्या ढिगाला भाताच्या नव्या पेंढ्यासारखा, किंचित गोडसर वास येईल. धूर सगळा काळ्या वाटीत सापडेल. नंतर हात साबणानं स्वच्छ धुवा. त्याचं कारण पुढे येईलच.

त्या काळ्या पानाचं नाव लताकिया. सीरियाच्या किनाऱ्यावर याच नावाचं बंदर आहे, तिथून ते पूर्वी जहाजांनी बाहेर जाई. जात लहान पानाची. पान आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात उंचावर टांगतात आणि खाली जमिनीवर लाकडं धुमसत ठेवतात. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. कित्येक आठवडे हे चालतं. पान हळूहळू काळं पडतं, त्याचा मूळचा वास मागे सरतो आणि धूर त्यात घर करतो. सीरियात या धुरासाठी ओक आणि पाइनची लाकडं जात. त्यापायी जंगलं इतकी उतरली की तिथलं उत्पादन आटलं, आणि आज बाजारातलं बहुतेक लताकिया सायप्रस बेटाच्या नावानं ओळखलं जातं. तिथं धुरासाठी मस्तकीची झुडपं, मर्टल, सायप्रस, पाइन असं रानातलं सरपण वापरतात. मस्तकी हे नाव तुम्हाला परकं वाटणार नाही. काष्ठौषधीच्या दुकानात रूमी मस्तकी म्हणून जो डिंक मिळतो, तो याच झुडपाच्या जातीचा.

हे पान पहिल्यांदा कसं सापडलं याची एक दंतकथा आहे. एका वर्षी तंबाखू उदंड पिकली, विकून उरली. शेतकऱ्यांनी उरलेली पानं घरातच आढ्याला टांगली. हिवाळाभर खाली चूल धुमसत होती. वसंतात पानं काढली तर ती काळी पडलेली आणि निराळ्याच वासाची. दंतकथाच ती, पण ज्यांच्या घरात चुलीवर माळा आहे त्यांना ती चटकन पटावी. आपल्याकडे बियाण्याची मक्याची कणसं आणि लसणाच्या जुड्या चुलीवर टांगून ठेवत आले आहेत. बांबूची सुपं, टोपल्या, इरली धुरावर राहिली की त्यांना भुंगा लागत नाही. धूर किडीला आणि बुरशीला दूर ठेवतो, हे ज्ञान दोन्हीकडच्या घरांत होतं. सीरियातल्या शेतकऱ्याला त्यातून एक वास मिळाला आणि तो विकता आला, एवढाच फरक.

आता हा वास नक्की कशाचा? लाकडाला ताठपणा देणारा एक घटक असतो, लिग्निन. लाकूड नीट पेट न घेता, कमी हवेत धुमसलं की लिग्निन तुटतं आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल, क्रेसॉल अशी द्रव्यं धुराबरोबर उडतात. समोर जे थंड, किंचित दमट आणि तेलकट सापडेल त्याच्यावर ती बसतात, मग ते तंबाखूचं पान असो, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं असो की पावसाळ्यात चुलीशेजारी वाळत घातलेली घोंगडी असो. धुराचा जो वास आपण ‘धुराचा’ म्हणून ओळखतो, तो मुख्यतः ग्वायकॉल आणि सिरिंगॉलचा. लवंगेतलं युजेनॉल ग्वायकॉलच्याच कुळातलं आहे, म्हणून चांगल्या धुराला लवंगेची एक पुसट झाक असते. क्रेसॉल वाढलं की मात्र वास डांबराकडे आणि दवाखान्याकडे झुकतो.

लाकूड बदललं की धूर बदलतो, हे भोर-वेल्ह्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात, तेव्हा शेणीचा थर पेटलेला असला तर एक वास, झाडांचा तोडलेला टहाळ पेटला की दुसरा, आणि वरचा पालापाचोळा-पेंढा धरला की तिसरा. डोळे मिटूनही शेतकरी सांगतो, कुठला थर जळतोय. सीरियाचं आणि सायप्रसचं लताकिया वेगळं लागतं त्याचं एक मोठं कारण हेच. सीरियाचं जरा कोरडं, आंबूस, मद्यासारख्या झाकेचं म्हणतात. सायप्रसचं अधिक गोडसर, चामड्याच्या आणि राळेच्या वासाचं.

चवीबद्दल मी जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं माझ्या एका शिक्षकांकडून आलेलं आहे. ते पाईप ओढत. त्यांच्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या असायच्या, एकीत नुसतं पिवळं पान आणि दुसरीत नुसतं लताकिया. आम्हा विद्यार्थ्यांना ओढू देत नसत, पण वास घेऊ देत. पहिल्यांदा लताकियाच्या बरणीत नाक घातलं तेव्हा मला आजोळची पावसाळ्यातली माजघराची खोली आठवली होती. ते दोन्हीचं मिश्रण आमच्यासमोर करायचे. पिवळ्याचे दहा भाग मोजले की काळ्याचा एक. “हिंगासारखं,” म्हणायचे, “आमटीत कळलं पाहिजे, दिसलं नाही पाहिजे.” हलक्या धुरकट तंबाखूचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

शेकडा पाच-दहाच्या आसपास लताकिया असलं की मिश्रण हलकं म्हणायचं. तीस-चाळीसच्या पुढे गेलं की ते भारी होतं. मग बाकीची पानं धुराच्या मागे लपतात. लंडनच्या डनहिल या जुन्या पेढीनं एका हलक्या मिश्रणाला ‘अर्ली मॉर्निंग पाइप’ आणि एका भारी, काळोख्या मिश्रणाला ‘नाइटकॅप’ असं नाव दिलं होतं. एक सकाळचं, एक झोपण्यापूर्वीचं. नावांतच स्वभाव सांगून टाकलेला आहे.

मराठीत चुलीवरच्या चवींना चार शब्द आहेत आणि त्यांची पायरी ठरलेली आहे : खमंग, खरपूस, धुरकट, करपट. भाजलेल्या शेंगदाण्याला आपण खमंग म्हणतो, भाकरीच्या पापुद्र्याला खरपूस, चुलीवर तापवलेल्या दुधाला धुरकट आणि खाली लागलेल्या भाताला करपट. हलक्या मिश्रणाची जागा खरपूस आणि धुरकट यांच्या मधे आहे. पिवळ्या पानात साखर भरपूर असते, त्यामुळे सुरुवातीला गोडवा येतो, पेंढ्याचा, पावाच्या कडेचा. हिरवट-तपकिरी लहान तुकडे बहुधा तुर्की-ग्रीक जातीचे, नुसत्या उन्हात वाळवलेले. त्यांचा किंचित आंबट, उदासारखा सुगंध मधे येतो. धूर या दोघांच्या मागे असतो. तो गोडव्याला बांध घालतो, चिकट होऊ देत नाही. पाईप अर्धा जळाल्यावर गोडवा ओसरतो आणि धूर पुढे येतो. फार जोरात ओढलं, पान तापलं, की हे सगळं बिघडून शेवटच्या पायरीवर, करपटावर येतं. म्हणून पाईप ओढणारे सावकाश ओढतात.

आणखी एक. धुराची चव जिभेला लागत नाही, ती नाकाला लागते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच ओळखते. बाकी सगळं घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचं काम असतं. सर्दी झाल्यावर भरीत नुसतं मऊ लागतं, ते यामुळेच. आणि नाक एका वासाला लवकर सरावतं. चुलीपुढे बसलेल्या बाईला धूर कळत नाही, दारातून येणाऱ्याला कळतो. पाईपवाल्याचंही तसंच होतं. त्याला चार झुरक्यांनंतर धूर पुसट होतो आणि शेजारी बसलेल्याला वाटतं, घरात काहीतरी जळतंय.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आजोबांच्या चिलमीत हा वास नव्हता, कारण त्यांच्या तंबाखूला धूर कधी दाखवलेलाच नव्हता. आपल्या भागात चिलमीची आणि विडीची तंबाखू प्रामुख्यानं दक्षिणेकडून, निपाणीच्या पट्ट्यातून येत आली. कामथडीवरून जो महामार्ग साताऱ्याकडे जातो, तोच सरळ कोल्हापूर ओलांडून निपाणीत पोचतो. तिथली काळी माती, कोरडा हिवाळा. रोपाचा शेंडा खुडतात, बगलफूट काढतात, म्हणजे झाडाचं बळ फुलाऐवजी पानात उतरतं. मग पान रानातच उन्हात वाळवतात. ऊन, रात्रीचं दव, पुन्हा ऊन, आणि नंतर वखारीत दाबून ठेवणं, एवढ्यावर ते तयार होतं. धुराचा संबंधच येत नाही. अशा पानात साखर थोडी, कडकपणा फार. त्या कडकपणावरच विडीचा धंदा उभा राहिला आणि त्या धंद्यावर निपाणीच्या हजारो घरांचं पोट. 1981 साली पानाला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर ठाण मांडलं होतं. आंदोलन मोडताना पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. तुमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचा हा इतिहास आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

चिलमीची रचनाही वासाच्या बारकाव्याला जागा देत नाही. मातीच्या नळीत तळाशी खडा, वर तंबाखू, तिच्यावर चुलीतला विस्तव आणि तोंडाशी ओली छापी. विस्तव थेट पानावर बसतो, पान भडकून तापतं, दोन-चार झुरक्यांत संपतं. त्यात धुरकटपणा येतो तो विस्तवाचा, पानाचा नव्हे. पाईपचं भांडं जाड लाकडाचं, धग धरून ठेवणारं. पान अर्धा-पाऊण तास धुमसतं. म्हणून युरोपात पानांची मिश्रणं करण्याची विद्या वाढली आणि आपल्याकडे तिची गरज पडली नाही. आपली चवीची विद्या खायच्या पानात, विड्यात गेली : कात, चुना, सुपारी, लवंग, वेलदोडा, किमाम.

भारतात धुरावर पान मुरवतच नाहीत असं मात्र नाही. तमिळनाडूत वेदारण्यमच्या बाजूला आणि पलीकडे श्रीलंकेतल्या जाफन्यात खायच्या तंबाखूला धुरी देण्याची रीत आहे. जाफन्यात त्यासाठी नारळाची सोडणं जाळतात. उलट तुमच्या डब्यातलं पिवळं व्हर्जिनिया जातीचं पान धुरापासून जपून ठेवलेलं असतं. बंद कोठारात लोखंडी नळांतून गरम हवा खेळवतात, जाळ आणि धूर बाहेरच्या बाहेर जातो. आपल्याकडे आंध्रात आणि कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला ही शेती आहे, पण ते पान मुख्यतः सिगारेटला जातं.

तंबाखू दख्खनमध्ये आली पोर्तुगीजांकडून. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरला गेला होता, तिथं त्यानं ती प्रथम पाहिली आणि 1604-05च्या सुमारास रत्नजडित नळीसकट बादशहापुढे ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. जवळच उभ्या असलेल्या हकिमानं लगेच हरकत घेतली की ही अनोळखी वस्तू आहे, आपल्या वैद्यकात हिचा उल्लेख नाही. असद बेगनं स्वतःच हा वाद लिहून ठेवला आहे. तो हकीम बरोबर होता, असं माझं मत आहे.

कारण ज्या शिक्षकांच्या बरण्यांची गोष्ट वर सांगितली, त्यांचं शेवटचं वर्ष घशाच्या कर्करोगात गेलं. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच फिरवतात, म्हणून तो निरुपद्रवी, असं ते आम्हाला सांगत. तोंड, जीभ आणि घसा यांना तो धूर तितकाच लागतो. त्यातून लताकियासारख्या पानात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं सरपणाच्या धुरातून, पाईप पेटवण्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेली असतात. ज्या मार्गानं सुगंध पानात शिरतो त्याच मार्गानं तीही शिरतात. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. महाराष्ट्रात पाईप ओढणारे थोडे. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि 24.4 टक्के तंबाखू खाणारे, लावणारे. आपल्या गावांत खरी चिंता मशेरीची आणि मळलेल्या तंबाखूची आहे. तरी नव्या डब्याच्या कुतूहलातून घरातल्या एखाद्या पोरानं पहिला झुरका घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

चव जाणून घ्यायचीच असेल तर वास पुरेसा आहे, कारण चवीतला मोठा वाटा वासाचाच असतो. शिवाय चीनमधल्या वुयी डोंगरातला लॅपसांग सूचाँग नावाचा चहा पाइनच्या धुरावर वाळवलेला असतो आणि मोठ्या शहरांतल्या चहाच्या दुकानांत मिळतो. कोरा करून प्या. डब्यातला काळ्या पानाचा वास आणि त्या चहाचा वास एकमेकांच्या फार जवळचे आहेत, आणि चहात निकोटीन नाही.

शेवटी डब्याचं काय करायचं ते. बंद डब्यात पान वर्षानुवर्षं टिकतं, धुराचा उग्रपणा तेवढा मऊ होतो. पण आता तुम्ही झाकण उघडलं आहे आणि भोरची हवा पावसाळ्यात पानाला सोडणार नाही. पानावर पांढरी लव दिसली, कुबट वास आला, तर ती बुरशी समजा आणि डबा रिकामा करा. उकिरड्यावर टाकू नका, गुरं तोंड घालतात. खोल खड्ड्यात पुरा. निकोटीन हे तीव्र विष आहे. ओल्या हाताला लागलं तर कातडीतूनही अंगात जातं. पिकावरच्या माव्यासाठी तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी रीत आहे, ती याच गुणावर. म्हणून वर हात धुवायला सांगितलं. रिकामा डबा धुऊन, उन्हात वाळवून चुलत्यांची आठवण म्हणून अवश्य ठेवा. तोवर झाकण घट्ट लावा आणि तो लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, फळीवर उंच ठेवा.